फटीतलं उंबर

एका डोंगराळ जंगलात एक उंच बेहड्याचं झाड होतं, आणि त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांचं एक कुटुंब दर उन्हाळ्यात राहायला येत असे. मुलांनो, धनेश म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. त्यांची रीत ऐकाल तर नवल वाटेल. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि चिखलाने आतूनच दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. मग ती आपली पिसंही झाडून टाकते, म्हणजे मनात आलं तरी उडता यायचं नाही. पुढचे दोन-तीन महिने नराने फळं आणायची आणि फटीतून भरवायची. या थव्यात तर एरवीसुद्धा लांबच्या झाडांवर नरांनीच जायचं आणि माद्यांनी ढोलीच्या आसपास राहायचं, असा नेम होता. असं का, म्हणून विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर म्हातारी मंडळी म्हणत, यालाच वळण म्हणतात.

या कुटुंबातल्या थोरल्या लेकीला मात्र हे वळण काही लागेना. आई तिला चिखल कालवायला, भिंत गुळगुळीत लिंपायला शिकवू बघे, आणि हिचं सगळं लक्ष आभाळात. बाप जाईल तिकडे ही मागे. कोणतं उंबर आधी पिकतं, ओढ्याकाठच्या वडावर माकडं कधी येतात, घशात एका वेळी किती फळं मावतात, सगळं तिला पाठ. बाप काही बोलत नसे. उडता उडता मागे वळून, ती येते आहे ना, एवढं मात्र बघून घेई.

थव्यात कुजबुज चालायचीच. एक काका तर तोंडावर म्हणाले की पोरीच्या जातीला एवढी भरारी बरी नव्हे, उद्या हिच्याशी जोडी कोण जमवणार? आईने मान खाली घातली. घरी आल्यावर लेकीला म्हणाली, तुझ्यापायी मला ऐकून घ्यावं लागतं. लेकीला काकांचं बोलणं लागलं नाही, आईचं लागलं. आपण घसाभर उंबरं आणावीत आणि आईने एकदा तरी ती आवडीने खावीत, एवढंच तिला हवं होतं. मागणं एवढंसं, पण वर्षभर ते तिच्या उरात सलत राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात आई पुन्हा ढोलीत बसली. अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, आणि चौथ्याच दिवशी बाप दरीपलीकडे गेला तो परतला नाही. कुणी म्हणालं वाऱ्याने गाठलं, कुणी म्हणालं शिकाऱ्याने. थव्यातले नर हळहळले आणि आपापल्या ढोलीकडे गेले, कारण ज्याची ढोली त्याने बघायची, ही आणखी एक रीत. लेकीचा जीव तुटत होता, पण ती रडत बसली नाही. दुपारच्या आत पिकली उंबरं घशात भरून ती फटीशी आली आणि एक फळ फटीत ठेवलं.

आईने चोच मिटून घेतली. "फटीतून नराचीच चोच येते," ती म्हणाली. "माझ्या आईने मला हेच शिकवलंय."

"बाबा आता येणार नाहीत गं," लेक म्हणाली. "खा ना."

आईने तोंड फिरवलं. उंबर फटीवरून घरंगळलं आणि खाली पाचोळ्यात पडलं. लेक पुन्हा गेली, पुन्हा आली. तीन दिवस हेच चाललं. बेहड्याखाली उंबरांचा सडा पडला आणि मुंग्यांची चंगळ झाली. दाराशी अन्न आणि आत उपास, याला काय म्हणावं? पण त्या आईला हसू नका हं. लहानपणापासून जे कानात भरलेलं असतं, ते भूक लागली म्हणून लगेच निघून जात नाही.

चौथ्या दिवशी पिल्लाचा आवाज अगदी बारीक झाला. लेकीने फटीत उंबर धरलं. तेवढ्यात आईच्या पंखाखालून एक उघडीबोडकी मान वर आली, तिने आ वासला आणि उंबर गट्ट केलं. पिल्लूच ते. त्याला अजून कुणी काही शिकवलंच नव्हतं. समोरची चोच नराची की मादीची, त्याला काय ठाऊक? त्याने दुसऱ्यासाठी आ वासला, मग तिसऱ्यासाठी.

आई बघत राहिली. मग हळूच तिने आपलीही चोच पुढे केली.

पाच-सहा उंबरं खाऊन झाल्यावर तिने विचारलं, "त्या ओढ्याकाठच्या वडावरून दरी दिसते का गं?"

"दिसते. पार टोकापर्यंत."

"तुझ्याएवढी असताना मलाही तिथं जायचं होतं. निघालेही होते एकदा. आईने शेपटी धरून मागे ओढलं." मग ती म्हणाली, "मीही तुझ्याशी तेच केलं."

लेक आणखी उंबरं आणायला गेली, आणि पुढे कितीतरी दिवस जात राहिली.

पिल्लाला पंख फुटले, आईलाही नवी पिसं आली, तेव्हा दोघींनी मिळून ती भिंत फोडली. काका समोरच्या फांदीवरून बघत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं, पण या खेपेस मान खाली घातली नाही.

"तू पुढे हो," ती लेकीला म्हणाली. "वाट तुला ठाऊक आहे."

लेक वडाच्या दिशेने उडाली. मागे आई होती, आईच्या मागे धडपडत पिल्लू. उडता उडता लेकीने मागे वळून, ती येते आहे ना, ते बघून घेतलं.

तात्पर्य : हे काम नराचं, ते मादीचं, असं अंड्यातून कुणी शिकून येत नाही, ते वळण मोठ्यांनीच लावलेलं असतं, आणि जे वळण मायेच्या हातचा घासही नाकारायला लावतं, ते मोडलेलंच बरं.