टाकीवरचा दिवा

“मग किती तास, भंतेजी? आठ? दहा? आकडा सांगा ना.”

विशाखा रामटेके आकड्यांतली बाई. जिल्ह्याच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाची मुख्य परिचारिका. सोळा वर्षांत ड्युटीवर एकदाही डोळा लागला नाही, हे ती कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगे. भंते धम्मसारांनाही सांगून झालं होतं.

वैनगंगेकाठच्या छोट्या विहारात ती बसली होती. शेजारी भिंतीला टेकून नवरा, देवानंद. समोर माशांची काचेची टाकी. बदली होऊन गेलेल्या कुणा उपासकानं ती पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या आधी भंतेजींकडे आणून ठेवली होती. पाणी इतकं नितळ, की आहे की नाही असं वाटावं. हिरवी पाती झुलत होती, त्यांच्यामधून बोटाएवढे मासे फिरत होते.

तिच्या घरच्या टाकीत काचेवर शेवाळाची साय धरली होती. पानांवर केसांसारखे काळे तंतू उगवले होते. मासे दगडांच्या सांदीत अंग चोरून बसत. रंग उडालेले. चार तर मेलेच.

“तुम्ही दिवा किती तास लावता?” भंतेजींनी विचारलं.

“अठरा... वीससुद्धा होतात. आत झाडं आहेत ना. उजेड नसला तर मरतील.”

“शेवाळ धरायला लागलं तेव्हा काय केलं?”

“आणखी मोठा दिवा आणला. वाटलं, झाडांना कमी पडतोय.”

भंतेजी हसले नाहीत.

“आठ तास पुरे. तुमच्या टाकीला सध्या सहाच. त्याआधी तीन दिवस जाड कापड टाकून ठेवा, उजेडाची तिरीपही नको. शेवाळ खचेल. झाडं तगतील.”

विचारायला आली ते मिळालं होतं. तरी विशाखा उठेना.

“तीन दिवस... म्हणजे तीन रात्रीही?”

“रात्री अंधार असतोच, ताई.”

“आमच्याकडे नसतो.”

मग थांबत थांबत बाहेर आलं. घरची टाकी झोपायच्या खोलीत होती. सात महिन्यांपूर्वी एका रविवारी भरदुपारी देवानंद ताटावरच कलंडला. घास हातात तसाच. विशाखानं अकरा मिनिटं छाती दाबली. बरगडी मोडल्याचा आवाज आला, तरी थांबली नाही. माणूस परत आणला. डॉक्टरांनी छातीत, हृदय थांबलं तर झटका देणारं यंत्र बसवलं आणि म्हणाले, आता निर्धास्त राहा. हेच वाक्य ती स्वतः कितीतरी नातेवाइकांना सांगत आली होती. त्या दिवशी मात्र ते तिच्या कानांत शिरलं नाही.

तेव्हापासून टाकीवरचा दिवा रात्रीचा विझला नव्हता. त्या पांढऱ्या उजेडात नवऱ्याची छाती वरखाली होताना दिसे. ती मोजे. कधी दोन श्वासांमधलं अंतर जरासं लांबे... आणि ती उठून बसे.

“अंधार केला आणि नेमका तेव्हाच श्वास थांबला तर? मला कळायचंही नाही. सकाळी हात लावीन, आणि...”



भंतेजींनी देवानंदकडे पाहिलं. शाळेत चित्रकला शिकवणारा, कमी बोलणारा माणूस. टाकी त्याचीच. पूर्वी रोज रात्री नऊ वाजता तो स्वतः दिवा घालवायचा.

“सर, तुम्हाला झोप लागते का?”

देवानंदनं आधी बायकोकडे पाहिलं.

“लागते की,” विशाखाच म्हणाली. “मी बघते ना. श्वास अगदी एकसारखा असतो.”

भंतेजी देवानंदकडेच बघत राहिले.

“नाही लागत,” देवानंद म्हणाला.

विशाखाची मान झटकन वळली.

“डोळे मिटून पडतो. छाती जरा मोठी हलवतो, हिला दिसावी म्हणून. कमी हलली की ही उठून बसते.”

“सात महिने?” तिनं विचारलं.

“पहाटे जरा डुलकी येते. तू आंघोळीला जातेस तेव्हा.”



झोप नसलेल्या हृदयाचं काय होतं, हे विशाखाला कुणी सांगायला नको होतं. इतके दिवस भीती देवानंदच्या खाटेवर बसलेली होती. आता ती विशाखाकडेच तोंड करून बसली. माणूस आपण परत आणला... आणि आपणच...

भंतेजी उठले. टाकीवरचा दिवा घालवला. खांद्यावरचं जाड चीवर काढून टाकीवर पांघरलं आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून घेतलं. पाती, मासे, सगळं दिसेनासं झालं.

विशाखा गुडघ्यांवर उठली. “आत काय चाललंय ते कसं कळणार?”

“नाही कळणार.”

“मला भीती वाटते, भंतेजी.”

“हो.”

तिनं चीवराचं टोक पकडलं. नुसतं उचलायचं होतं. एकदाच. तिचा हात कुणीही धरला नाही...

बऱ्याच वेळानं बोटं आपोआप सैल पडली.

तेवढ्यात शेजारी काहीतरी घसरलं. देवानंदची मान एका बाजूला कलली होती. तोंड अर्धवट उघडं. हात मांडीवरून खाली लोंबत होता.

विशाखा झेपावली, दोन्ही तळवे उघडून.

छाती हलत होती. अगदी थोडी. इतकी थोडी हललेली तिनं सात महिन्यांत पाहिली नव्हती.

झोपला होता तो.

तळवे हवेतच राहिले. ते कुठं ठेवावेत, हे तिला कळेना.

“आता मी काय करू?” तिनं ओठांतल्या ओठांत विचारलं.

“माशाला पापण्या नसतात, ताई,” भंतेजी हळूच म्हणाले. “त्याला झोप लागावी, तर डोळे आपल्याला मिटावे लागतात.”