रेघेवरचा अंगठा

"बाबा, तुमचं नाव कुठल्या बाजूला घालू?"

मुरलीधरनं कागद गुडघ्यावर सपाट केला. मधोमध एक उभी रेघ होती. मला अक्षर येत नाही. रेघ तेवढी कळली.

मोहरमचा चौथा दिवस. पिराच्या ओट्यावर आम्ही तिघंच. लालशाबाबा उदाची राख काढत होते. मी सवारीचा बांबू, ज्यावर पिराचा पंजा बांधून मिरवतात तो, तेलानं पुसत होतो.

गेल्या साली तालुक्याला मिरवणुकीत दगड पडले, दोन दुकानं जळली. आमच्या गावात काहीच झालं नव्हतं. तरी ठाण्यातून निरोप आला, शांतता समिती करा. मुरलीधर शाळेत मास्तर, तोच चिटणीस झाला. लहानपणी ह्याच ओट्यावर बाबांपाशी बसून चार चांगल्या गोष्टी शिकलेला. माणूस चांगला. जरा ताठ.

"घाल कुठंही," बाबा म्हणाले.

"कुठंही कसं? इकडं हिंदू, इकडं मुस्लिम. तुमचं नाव पडलं की अकरा इकडं, अकरा तिकडं. एकाचा फरक नाही." त्याची मान उंच झाली. "साहेब म्हणाले, सरकार दोघांना सारखंच मानतं."

"दोघं कोण?"

"बाबा, थट्टा नका करू."

बाबांनी राख सुपात ओढली.

"सवारी कोण उचलणार?"

"तुमची माणसं."

"हा काय बसलाय." बाबांनी माझ्याकडं हनुवटी केली. "ह्याचा बापही उचलायचा."

मुरलीधर कागदाकडं बघत बोलला, "रावजीनानांचं नाव ह्या बाजूला, हिंदूंत आहे. ज्याचा सण, त्याचीच माणसं पुढं. ठाण्याचा नियम आहे. उद्या काही झालं तर नावं पाहिजेत ना."

माझा हात बांबूवर थांबला.

माझ्या गळ्यात लाल नाडा होता. मी जगावा म्हणून आईनं पिराला नवस केलेला. तेव्हापासून दर साली मोहरमचे दहा दिवस मी फकीर होतो. एकोणचाळीस सवाऱ्या ह्या खांद्यावरनं गेल्या. कागदात मला जागा नव्हती असं नाही. जागा होती. पलीकडं होती.

"दोन्ही खांदे मुसलमान लागतात," बाबांनी विचारलं, "का एक चालेल?"

मला हसू आलं. मुरलीधरला नाही आलं.

"आणि गणपतीत इब्रामचा ताशा?"

"नको, बाबा. त्याच्याच भल्यासाठी."

"एवढी सालं त्याला कळलंच नाही बघ. येडा वाजवतच राहिला."

...

"पिराला विचारलंस का?"

"पीर कुठं सही करतो, बाबा!"

"शहाणा आहे."

मुरलीधरनं कागद खाली ठेवला. आवाज उतरला त्याचा.

"बाबा, मला हौस नाही ह्याची. तालुक्याला मी डोळ्यांनी बघितलंय. उद्या इथं एखादा धोंडा आला, रावजीनानांच्या डोक्यात बसला, तर मी काकूला काय तोंड दाखवू? तुमचा अंगठा पडला नाही तर परवानगी नाही. सवारी निघणारच नाही यंदा."

बाबांनी सूप बाजूला सारलं, माझ्याकडं वळले. सुपातली राख वाऱ्यानं हलली.

"रावजी?"

मी बांबूकडं बघितलं. तेल चांगलं मुरलं होतं.

"निघू द्या, बाबा," मी म्हणालो.

...

मुरलीधरनं शाईची डबी उघडली. बाबांनी अंगठा बुडवला आणि टेकवला.

"अहो, रेघेवर पडला!"

"मला तीच जागा ओळखीची वाटली."

"असं चालत नाही. कुणाकडं धरायचा हा?"

दुसरा कागद होता त्याच्यापाशी. तसलीच रेघ, तसलीच नावं. ह्या खेपेला त्यानं बाबांचा अंगठा स्वतःच्या हातात धरला. लहान पोराला पाटीवर गिरवायला लावतात तसा. रेघेच्या एका बाजूला, नेमका जागेवर टेकवला.

बाबांनी हात ओढून घेतला नाही.

शाई पुसायला जवळ काही नव्हतं. बाबांनी माझ्या खांद्यावरच्या पंच्याचं टोक ओढलं, त्याला अंगठा पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग हात तिथंच ठेवला, खांद्यावर.

मुरलीधरनं कागदाची घडी घातली. बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. उठला तेव्हा डोळे भरलेले होते त्याचे, खोटं नाही सांगत.

"सुटलो, बाबा. आता गावात ऐक्य राहील."

...

"राहील की," बाबा म्हणाले. "ऐक्याला दोघं लागतात. इतके दिवस आपल्याकडं नव्हते."