राजकन्येच्या हळदीचे शेले

नद्यांचं पाणी जेव्हा अजून पाण्याच्याच रंगाचं होतं, त्या काळची ही गोष्ट.

नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. रंगाचं पाणी तिथे थेट नदीत सोडत नसत. आधी ते खड्ड्यात साठवायचं, गाळ बसू द्यायचा, मग वरचं निवळ पाणी नदीत. काम संथ चाले, पण रंग असा बसे की कापड फाटेल, रंग जाणार नाही.

गावाचे म्होरके होते गुणाजी. वयाने मोठे, म्हणून अकलेनेही मोठे, असं त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

"खड्डे भरा, थांबा, उपसा! निम्मा दिवस यातच जातो," ते पारावर म्हणाले. "बुजवा खड्डे!"

बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढा एक व्यायाम त्यांना जमायचा.

खड्डे बुजले. कापड दुप्पट निघू लागलं. राजाने गुणाजींना मानाचा फेटा बांधला. मग काय, ते गावोगाव शहाणपण वाटत हिंडले.

इकडे नदी सकाळी लाल, दुपारी निळी. गावातली पांढरी धोतरं गुलाबी झाली. गुणाजींनी लगेच जाहीर केलं, "गुलाबी धोतर म्हणजे भरभराटीची खूण!"

अशात राजवाड्याचा हुकूम आला. राजकन्येच्या हळदीला पिवळेधमक शेले हवेत. नाही जमलं, तर राजवाड्याचं सगळं काम दुसऱ्या गावाला.

गुणाजींनी शेले हळदीत रंगवले, नदीत खळबळले आणि बाहेर काढले. निव्वळ चिखल!

"अहो, हे शेले आहेत की पायपुसणी?" त्यांच्या कारभारणीने विचारलं.

"पाणी जरासं गढूळ आहे, एवढंच."

पाण्यात डुंबून जांभळी झालेली म्हैस म्हणाली, "गुणाजी, हळदीला मलाच पाठवा. रंग तेवढा माझ्यावरच पक्का बसलाय."

घरात होतं नव्हतं तेवढं पांढरं कापड पुन्हा हळदीत बुडवून, ते डोक्यावर घेऊन गुणाजी निवळ पाणी शोधत नदीच्या वरच्या अंगाला निघाले. गावाचा शेवटचा घाट मागे पडला, तरी पाणी काही निवळेना. चालून चालून ते वरच्या गावी पोचले. तिथे तर नदी काळीशार!

तिथला म्होरक्या हार घेऊन धावत आला.

"या, गुणाजीबाबा! तुम्ही सांगून गेलात आणि आम्ही लगेच ऐकलं. बघा, एक खड्डा शिल्लक ठेवला नाही!"

राजकन्येची हळद दुसऱ्याच गावच्या शेल्यांत लागली. राजवाड्याचं काम गेलं. दोन्ही गावांतल्या पोरांनी शिव्या घालत खड्डे पुन्हा खणले. पण नदी निवळायला कैक पावसाळे लागले, आणि तोवर तीच पोरं परगावी ओझी वाहत राहिली. गुणाजी मात्र पारावर बसून सांगत, "आपलं बरोबरच होतं. चूक वरच्या गावाची!"

तात्पर्य: ज्या पाण्यावर धंदा चालतो तेच नासवलं, तर त्याला बरकत म्हणू नये, मग म्हणणाऱ्याचे केस कितीही पिकलेले असोत.