ओळखीचा एकच हात

परवा एका मोठ्या दुकानात मी नळाखाली हात धरून बराच वेळ उभी होते. हल्लीच्या नळांना हात दिसतो, एवढं मला ठाऊक. पाणी येईना म्हणून हात हलवले, ओवाळले, शेवटी जोडलेसुद्धा. मागं रांग लागली. तेव्हा सासूबाईंनी पुढं होऊन तोटी फिरवली. साधाच नळ होता तो! असो. हात ओळखणाऱ्या यंत्राची गोष्ट सांगायला माझ्याइतकी लायक बाई कुठं मिळणार? तर ऐका.

एका गावात दोन जावा मिळून मिरची कांडायचा डंख चालवायच्या. थोरली शेवंता, धाकटी हौसा. डंख म्हणजे लोखंडी उखळी आणि तिच्यात धाडधाड आपटणारे जाड लोखंडी दांडे. त्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. म्हणून दोघींचा सगळा कारभार हातवाऱ्यांवर. भांडणसुद्धा.

एकदा शहरातून एक माणूस यंत्राचा डोळा घेऊन आला. हा डोळा भिंतीवर बसवला की तो हाताची खूण बघून डंख चालवायचा. उजवा तळहात वर केला की दांडे वरच्या वर खिट्टीला अडकून थांबायचे. हात खाली आला की पुन्हा धाडधाड. तिखटाच्या हातानं बटण दाबायला नको! शेवंता हरखून गेली.

"कुणाकुणाचा हात शिकवू याला?" माणसानं विचारलं.

"माझा."

"आणि यांचा?" त्यानं हौसाकडं बघितलं.

"काही नको. आज हात ओळखेल, उद्या मालकीण समजेल."

हौसा फडक्यानं उखळीचा काठ पुसत राहिली. शेवंता तेवढ्यावर थांबली नाही. डंखाच्या पायाशी बटणाची पेटी होती, तिला तिनं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

मग काय विचारता! गिऱ्हाइकं मुद्दाम बघायला यायची. शेवंता देवळातल्या देवीसारखा हात उचलायची आणि एवढं धूड मुकाट व्हायचं. घरी जेवताना वाढणं थांबवायलाही ती तसाच हात वर करायला लागली.

एके दिवशी ऐन दुपारी उखळीत मिरचीचा गोळा अडकला. शेवंतानं हात वर केला. दांडे थांबले. हौसानं खाली वाकून उखळीत कोपरापर्यंत हात घातला, गोळा फोडला आणि हात ओढायला गेली, तर हात येईना. मनगटातलं कडं आतल्या पत्र्यात अडकलं होतं.

"आक्का, हात खाली आणू नका."

"नाही आणत. तू ओढ."

"ओढतेय. निघत नाही."

दांडे हौसाच्या मनगटावर टांगलेले. शेवंताचा हात वर. आणि तेवढ्यात तिच्या नाकात तिखट गेलं.

शिंक! ती यायलाच लागली. शेवंतानं दात दाबले, श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शिंकेनं अंग हललं की हात हलणार. हात हलला की संपलं. खांद्यात कळ उठली. बोटं थरथरली, तसा भिंतीवरच्या डोळ्याचा दिवा लुकलुकला आणि दांडे गुरगुरले. हौसा ओरडली. बाहेर पायरीवर कांडणाची वाट बघत बसलेली पारूकाकू धावत आली आणि तिनंही हात वर केला. दोन्ही केले आणि भीतीनं तशीच खिळून राहिली. डोळ्यानं तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. कसं बघणार? त्याला ओळख एकाच हाताची करून दिलेली.

शेवंतानं डावा हात हळूच किल्लीकडं न्यायला बघितलं. दांडे पुन्हा गुरगुरले. ती दगडासारखी थिजली. आता हलण्यासारखं फक्त तोंड उरलं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या घटकेलाही तिच्या मनात आलं, किल्ली एकदा हौसाच्या हाती गेली की गेली. मग तिची नजर उखळीत अडकलेल्या हाताकडं गेली. त्या हातानं लग्न होऊन आल्यापासून तिच्याबरोबर मिरची निवडली होती.

"हौसे," ती पुटपुटली, "किल्ली. माझ्या कमरेला. घे."

हौसानं मोकळा डावा हात लांबवला. शेवंताच्या कमरेची किल्ली ओढली, चाचपडत पेटी उघडली, बटण खाली पाडलं. खट्! भिंतीवरचा डोळा विझला. दांडे खिट्टीवर टांगलेलेच राहिले.

आणि शेवंता अशी शिंकली, की पारूकाकू दोन पावलं मागं सरकली.

साबण लावून कडं सोडवलं. हौसाचा हात लालभडक, पण शाबूत होता. शेवंता जमिनीवरच बसली. हौसानं तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "आक्का, एक शिंक द्यायची, तर केवढा घोर लावलात!"

मग तिनं किल्ली पुढं केली. शेवंतानं ती घेतली नाही. पेटीचं कुलूपच काढून विहिरीत टाकलं. शहरातल्या माणसाला पुन्हा बोलावलं आणि डोळ्याला शिकवलं, की थांब म्हणणारा हात कुणाचाही असो, थांबायचं. पहिला हात हौसाचा दाखवला.

तात्पर्य: जे फक्त आपल्याच हाताचं ऐकतं, ते वेळ आली की आपलाच हात बांधून ठेवतं, म्हणून विश्वासाच्या माणसापासून किल्ली लपवू नये.

ही गोष्ट मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "बरं. मग टीव्हीचा रिमोट इकडं दे."