धामवेळच्या बांधातील माहेरवाट

या प्रकरणात माझा भाग एवढाच : बांधातील वाट सिमेंटने बुजवावी की नाही, हे ठरवण्यासाठी वाळूवर जी सभा भरली, तिची अध्यक्ष मी होते, आणि मते मागण्यापूर्वी त्या वाटेची आख्यायिका सर्वांनी एकदा नीट ऐकावी, असा आग्रह मी धरला. मी इंदुमती पराडकर, येथील शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धवट सांगितलेली गोष्ट मला चालत नाही.

धामवेळच्या किनाऱ्यावर ओहोटीला काळ्या दगडांचा एक अर्धगोल बांध उघडा पडतो. त्याची दोन्ही टोके वाळूला टेकलेली आहेत. भरतीचे पाणी बांधावरून आत येते, त्याबरोबर मासे येतात. पाणी उतरले की मासे आत अडकतात. मात्र समुद्राच्या अंगाला या बांधात एक वाट आहे, एका लहान होडीपुरती रुंद. तिच्यातून पुष्कळ मासे निसटतात. रिसॉर्टमध्ये उतरलेले पाहुणे मला हमखास विचारतात, "बाई, एवढा सुरेख बांध, मग डागडुजी का करत नाही?"

ती मोडतोड नव्हे. ती मुद्दाम राखलेली वाट आहे.

फार पूर्वी, असे सांगतात, समुद्राने धामवेळकडे पाठ फिरवली. होड्या रिकाम्या परतू लागल्या. तेव्हा गावाचा म्होरक्या बाबल तांडेल याने भगवतीला नवस केला : आम्ही बांध घालू, त्यात जे सापडेल ते घरटी समान वाटून घेऊ, आणि बांधात आलेले काहीही पुन्हा समुद्राला जाऊ देणार नाही. बांध झाला, आणि देवी पावली. गाव पोटभर जेवू लागले.

परंतु बांध राखणे सोपे नव्हते. प्रत्येक भरती काही दगड ढासळवी, आणि ते पुन्हा रचण्याचे काम सुनांकडे आले. पुरुष होड्यांवर, म्हाताऱ्या चुलीपाशी, आणि सुना गुडघाभर पाण्यात, हातांना कालवांच्या धारदार शिंपा लागून रक्त येईपर्यंत. कोणी माहेरी जाण्याचे नाव काढले की उत्तर ठरलेले : "हंगाम सरांदे." होड्यांचा हंगाम सरे, बांधाचा कधीच सरत नसे. खाडीपलीकडच्या आपल्या गावातला धूर या बायकांना रोज दिसे. मासे ज्या बांधात अडकत, त्याच बांधात आपणही अडकलो आहोत, हे त्यांना कळत होते. पण बोलणार कोण?

बाबलची सून आवडी हिची आई पलीकडे आजारी पडली. निरोप आला. आवडीने सासऱ्याला विचारले, आणि तेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवायला बसले असताना, तिने लहान होडी पाण्यात ढकलली. तिची चूक एकच झाली. बांध रचणारे हात तिचे होते, पण भरतीच्या पाण्याखाली तो नेमका किती खोल असतो, हे तिने होडीतून कधी पाहिले नव्हते. पाणी उतरू लागले होते. होडीचा तळ दगडांवर घासला, लाटेने ती मागे फेकली, आणि पाहता पाहता बांधाने डोके वर काढले. होडी उचलून पलीकडे टाकण्याएवढे बळ तिच्या एकटीत नव्हते.

टोपल्या घेऊन मासे वेचायला आलेल्या गावाला बांधात सून सापडली.

"चल घराक," बाबल म्हणाला. "बांधात गावलेला भायर जायत नाय. देवीक शब्द दिलो हा."

आवडी होडीला धरून उभी राहिली. "होय मां? मगे नवस पुरो पाळा. बांधात गावलेला घरटी वाटूचा, ह्यो शब्दय तुमचोच. माझे वाटे करा. उजवो हात कोणाच्या घराक? पाय कोणाच्या?"

लोकांनी हातातल्या टोपल्या खाली ठेवल्या, म्हणे. नवस मोडावा तर गावाच्या तोंडचा घास जाणार, आणि पाळावा तर तो पाळायचा कसा?

तेवढ्यात बाबलची बायको रखमाय पाण्यात उतरली. लग्न होऊन आल्यापासून तिने माहेराचा उंबरा पाहिला नव्हता. तिने कोणाकडे पाहिले नाही. बांधाचा एक दगड काढून बाजूला टाकला, मग दुसरा, मग तिसरा. इतर सुना पुढे आल्या. बाबल ओरडला, त्याच्याकडे कोणी वळले नाही. वाट होताच आत कोंडलेले पाणी धाडकन बाहेर धावले आणि होडी, आवडी आणि निम्मे मासे घेऊन गेले.

रखमाय वाटेत उभी राहिली आणि देवळाकडे तोंड करून भगवतीआईला म्हणाली, "आवशी, ही गेली. हिच्या बदल्याक मी आसंय. माका धर."

त्यानंतर रखमायने मरेपर्यंत बांधापलीकडे पाऊल टाकले नाही, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी भीतभीत गेलेल्या गावाला बांधात नेहमीएवढेच मासे मिळाले. वाटेच्या कडेला जो उंच धोंडा आहे, त्याला आम्ही सासूचा धोंडा म्हणतो. आवडी परत आली की नाही? काही म्हणतात आली, काही म्हणतात नाही. मी दोन्ही सांगते; कारण माहेरी गेलेल्या सुनेच्या परतण्याचे विचारायचे नाही, असाच येथला दंडक आहे. अजूनही देवदिवाळीच्या ओहोटीला गावच्या सुना सासूच्या धोंड्याला हात लावून या वाटेने होडीतून माहेरी जातात, आणि "परत कधी?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

एवढे सांगून मी थांबले. वाट बुजवण्याची सूचना आणणारे रिसॉर्टचे व्यवस्थापक श्री. हेरेकर सौम्यपणे म्हणाले, "गोष्ट छान आहे, बाई. पण वाट बुजवली तर आत दिवसभर पाणी राहील. पाहुण्यांची मुलं निर्धास्त डुंबतील. होडी काय, दुसरीकडूनही सुटेल."

तेव्हा मागून सुलोचना तारी उठली. ती रिसॉर्टच्या चादरी धुते. तिच्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन होऊन गेले, तरी तिला जायला मिळाले नव्हते.

"सायबांनू," ती म्हणाली, "मी रजा मागलंय, तुम्ही म्हणालात, सीझन संपू दे. दिवाळीत मागलंय, तेव्हाय तांच. आता देवदिवाळी उद्यावर इली. मीय बांधातच गावलंय."

"मगे हिचे वाटे करा रे!" जगन्नाथ तांडेल ओरडला. तो बाबलच्याच घराण्यातला. "सायबांका पयलो वाटो!"

सभा हसली. हेरेकरही हसू लागले, आणि मध्येच थांबले.

मी मते मागितली. असे ठरले की वाट बुजवायची नाही. तिच्या कडांचे ढिले दगड रिसॉर्टने सिमेंटाविना बसवून द्यावेत. आणि देवदिवाळीला रिसॉर्टमधील प्रत्येक सुनेला रजा मिळावी. एका पाहुण्या बाईंनीही हात वर केला. त्यांना मताचा अधिकार नसल्याने मी तो खाली घ्यायला लावला. जगन्नाथने संमती दिली, सर्व सुनांनी दिली. सासवांपैकी दोघींनी वेळ घेतला, पण दिली.

शेवटी हेरेकरांनी हात वर केला. तो खाली न घेताच ते सुलोचनाकडे वळून म्हणाले, "उद्या जा. परत..."

सगळी सभा त्यांच्याकडे पाहत होती.

"जा," ते म्हणाले.