कर्णावरची घडी

एकदा एका शिष्याला न्यायनिवाडा करण्याची फार घाई झाली. त्याचे गुरू म्हणजे नदीकाठच्या पंचक्रोशीचे न्यायाधीश. वृद्ध आणि मितभाषी. शिष्य भूमितीत निष्णात होता, आणि अशा माणसाला सारे जग दोन रेघांत मावते असे वाटू लागते. गुरू परगावी गेले आणि नेमका तेव्हाच खटला उभा राहिला. नाव बुडून माणसे दगावली होती. उतारू कोंबले ते नावेच्या मालकाने. 'नको' न म्हणता वल्हे हाती घेतले ते सटवा नावाड्याने.

शिष्याने निकाल दिला, "दोष दोघांचा, शिक्षाही दोघांना सारखी. यापुढे दोघांनीही जन्मभर नदीत पाऊल टाकायचे नाही."

मालकाने मान तुकवली. सटवाने हात जोडले. "महाराज, मला दुसरं काही येत नाही वो. पोरं काय खातील?"

"न्याय डावे-उजवे करीत नाही," शिष्य म्हणाला. मनातून स्वारी स्वतःवर खूश होती.

काही दिवसांनी गुरू नदीकाठाने चालत परतले. त्यांनी निकाल ऐकून घेतला आणि एक ओलसर, लांबट पंचा शिष्यापुढे अंथरला. "याचे दोन सारखे भाग कर."

शिष्याने बोटाने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. "हा कर्ण. दोन्ही त्रिकोण तंतोतंत सारखे."

"आता त्याच रेघेवर घडी घाल."

शिष्याने घडी घातली. एक टोक इकडे बाहेर आले, दुसरे तिकडे. त्याने कापड ताणून पाहिले, तळव्याने दाबून पाहिले. कोपरा काही कोपऱ्यावर बसेना. इतकी साधी गोष्ट आपण विसरलो, याची त्याला लाज वाटली.

गुरू म्हणाले, "भाग सारखेच आहेत. पण सममितीची रेषा तीच, जिच्यावर दुमडले की एक बाजू दुसरीवर बिनचूक बसते. आयताला अशा रेषा दोनच, एक उभी मधोमध, एक आडवी मधोमध. कर्ण नुसते वाटे करतो. तूही वाटे केलेस. घडी घालणे म्हणजे एकाला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहणे, ते राहून गेले. मालकाला आमराई आहे. नदी गेली तर त्याचा संध्याकाळचा फेरफटका गेला. सटवाची नदी गेल्यावर त्याच्याकडे काय उरले?"

शिष्य ताडकन उठला. "मी आत्ताच निकाल फिरवतो. सटवाला बोलावून आणतो."

"खाली बस," गुरू म्हणाले. "हा पंचा त्याचाच आहे. आज सकाळी त्याचे प्रेत पाण्यातून बाहेर काढले, तेव्हा हा डोक्याला बांधलेला होता."

शिष्य पंच्यासमोर खाली बसला. मग त्याने विचारले, "आणि त्याची मुले?"

"बाहेर ओसरीवर बसली आहेत. त्यांना काय सांगायचे ते तूच सांग."

शिष्याने ती तिरकी घडी उलगडली. चारही कोपरे जुळवून पंचा मधोमध दुमडला आणि तो हातात घेऊन ओसरीकडे निघाला.