अळणी हात

“…आणि पाणी? पाणी केव्हा सोडू, बाबा?”

मदारबाबा लिंबाखाली बसून शेळीच्या कानामागच्या गोचिड्या काढत होते. त्यांनी एक गोचीड दगडावर ठेचली.

विचारणाऱ्याचं नाव धोंडदेव. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मीठ सोडलं आणि गाव त्यांना अळणीबुवा म्हणू लागलं. ते नाव त्यांना इतकं आवडलं की कुणी चुकून धोंडदेव म्हणून हाक मारली, तर ते ओ देत नसत.

माणूस वाईट नव्हता. काहीतरी सोडलं की लोक पाया पडतात, एवढंच त्यांना कळलं होतं. आणि एकदा ते कळल्यावर थांबणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यातून गावाला तरी दुसरा काय उद्योग? गावाने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि ते चढत गेले.

आता एकादशीपासून चाळीस दिवस पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. देवळापुढे मांडवाचे खांब पुरून झाले होते. घोडं अडलं होतं ते एका होकारापाशी. मदारबाबांनी तरुणपणी डोंगरात चाळीस-चाळीस दिवसांचे एकांत काढले होते, हे पंचक्रोशीला माहीत होतं. फकिराने हो म्हटलं की मग कुणाची बोलायची छाती नव्हती. म्हणून बुवा भर चैत्रात तीन कोस चालून माळावर आले होते. त्यांच्या मागून त्यांची बायको, द्वारकाबाई.

“बसा की,” बाबा म्हणाले. “ऊन लई हाय.”

बुवा बसले. द्वारकाबाई उभ्याच राहिल्या. वाटभर त्यांनी मनाशी जे घोकलं होतं, ते त्या एका दमात बोलल्या.

“बाबा, यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. तुम्ही तरी म्हणा. चाळीसचं राहू द्या, चौथा दिवससुद्धा निघायचा नाही.”

बुवांनी डोळे मिटून घेतले. बायकांना यातलं काय कळतंय, असा तो चेहरा होता.

बाबांनी दोघांकडे पाहिलं. त्यांना माणसं ठाऊक होती. नाही म्हटलं, तर हा गृहस्थ चाळीसचे पन्नास करील, हे त्यांनी ओळखलं.

“मीठ सुटलं म्हणता?”

बुवांनी लगेच पाढा वाचायला घेतला. लोणचं नाही, पापड नाही, ताक नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नात नुसता भात खाल्ला. एकदा आमटीत चुकून चिमूटभर पडलं, तर घशात बोटं घालून ओकून टाकलं. गेल्या दिवाळीला…

“तुमचं न्हाई इचारत,” बाबा म्हणाले. “अंगाचं इचारतो.”

“म्हणजे?”

…

बाबांनी कफनीची बाही वर सारली आणि हात शेळीपुढे धरला. सकाळपासून रानात हिंडून त्यावर घाम वाळला होता. शेळी बांडी, अंगावर पांढरे ठिपके असलेली होती, आणि हावरटही. तिने मनगटापासून कोपरापर्यंत हात चाटून काढला.

“बाई, आता तुमी.”

द्वारकाबाईंनी संकोचत हात पुढे केला. शेळीची खरखरीत जीभ बांगड्यांच्या आतही शिरू लागली. जिवाला घोर असूनही बाईंना गुदगुल्या झाल्याच.

“बुवा.”

बुवांनी हात पुढे केला. तीन कोसांच्या चालीने तो घामाने निथळत होता.

शेळीने हुंगलं. एकदा जीभ लावली. मग तोंड फिरवून ती बाबांच्या कफनीचा काठ चाटायला गेली.

“पोट भरलं असेल तिचं,” बुवा म्हणाले.

बाबांनी शीळ घातली. कुंपणातून दुसरी शेळी आली, तिच्या मागून तिसरी. दोघींनी हुंगलं, दोघी निघून गेल्या.

इथे बुवा रागावतील असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांना नवल वाटलं, आणि हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. ते उठले. उठताना भोवळ आली, तेव्हा त्यांनी लिंबाचा बुंधा धरला. अशी भोवळ त्यांना वरचेवर येई. गावात तिला समाधी म्हणत. मग ते उन्हात जाऊन उभे राहिले आणि हातावर घामाचे टपोरे थेंब धरल्यावर परत आले. बांडीच्या तोंडाशी हात नेला. बांडीने मान वळवली.

बुवांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग हळूच त्यावर जीभ टेकवली.

“पाणी,” ते म्हणाले. “नुसतं पाणी आहे, बाबा. चवच नाही.”

त्यांचा चेहरा उजळला. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, असं त्यांना वाटलं. त्यांनी बायकोकडे वळून पाहिलं.

“ऐकलंस? कण उरला नाही अंगात. मीठ गेलं.”

द्वारकाबाईंना रडू येत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

बाबा उठले. कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मोडून घेऊन आले.

“बोट.”

बुवांनी बोट पुढे केलं. बाबांनी टोचलं. लाल टपका वर आला.

“आता हे चाखा.”

बुवांनी बोट तोंडात घातलं.

…

“काय लागतंय?”

“खारट.”

“किती?”

“पूर्वी लागायचं तेवढंच.”

बुवांनी पुन्हा मनगट चाखलं. पुन्हा बोट. पुन्हा मनगट. आपण बुवा आहोत हे तेवढ्या वेळापुरतं ते विसरले होते.

“आत आहे,” ते म्हणाले. “आत आहे, मग बाहेर का नाही?”

“अंग दीना.”

“का?”

“वरनं यायचं बंद झालं न्हवं? मग आत हाय ते मुठीत धरून बसलंय. घामात दीत न्हाई, मुतात दीत न्हाई. माझं अंग रोज खातंय, रोज टाकतंय. त्याला फिकीर न्हाई. पर तुमच्यावानी चिकट अंग म्या ह्या माळावर बघितलं न्हाई, बुवा.”

आता मात्र द्वारकाबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

बुवांना ते दिसलं. कान लाल झाले. पण त्यांच्या डोक्यात प्रश्न शिरला होता, आणि तो अपमानापेक्षा मोठा होता.

“पाणीसुद्धा असंच धरून ठेवील का?”

“ठिवंल की.” बाबांनी खालची एक लेंडी उचलून बोटांत चुरली. ती अजून मऊ होती. त्यांनी सांगितलं की वैशाखात तळं आटलं, की हीच लेंडी खड्यासारखी वाजते. शेळीचं मूत पिवळं, घट्ट होतं, दिवसातून दोनदाच होतं, तेही ओंजळभर. जनावर थेंब थेंब वाचवतं. “पर थांबवत न्हाई.”

“का थांबवत नाही? तेवढं तरी कशाला दवडायचं?”

“आतली घाण जायची कशासंगं? तिला पाय हायेत व्हय?”

बुवा विचारात पडले. हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. चाळीस दिवस काहीच आत घेतलं नाही, तर आपण आतून धुतल्यासारखे होऊ, असा त्यांचा हिशेब होता.

“आणि एखादीचं थांबलंच तर?”

“मग मी सुरी काढतो,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या दिसाची वाट बघत न्हाई.”

…

माळावर वारा नव्हता. शेळ्या सावलीत बसून रवंथ करत होत्या.

बुवांनी पहिल्यांदाच बायकोकडे नीट पाहिलं. तिचे डोळे सुजले होते. एका दिवसाच्या रडण्याने इतके सुजत नाहीत, हे त्यांना कळलं, आणि त्यांना वाईट वाटलं. ते हलक्या आवाजात म्हणाले,

“मांडव उभा राहिलाय, बाबा. लोकांना काय सांगू?”

बाबा खोपीत गेले आणि शिदोरी घेऊन आले. तीन भाकरी, एक कांदा, मिठाचा खडा. कांदा बुक्कीने फोडला, खडा दगडाने ठेचला. एक भाकरी बाईंना दिली, एक बुवांपुढे ठेवली आणि तिच्या कडेला मिठाची चिमूट.

बुवांनी हात मागे घेतला.

“व्रत मोडू म्हणता?”

“म्या कुठं म्हनलो?”

“मग पाणी सोडायची परवानगी देता?”

“दितो की.”

द्वारकाबाईंचा घास हातातच राहिला.

बाबांनी आपल्या भाकरीचा तुकडा मिठाला लावला, तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला. मग बांडीच्या पाठीवर हात ठेवला.

“रोज या. हिच्याफुडं हात धरा. ज्या दिशी ही चाटंल, त्या दिशी पाण्याचं बोलू.”